रात्री फिरणाऱ्याचं कूळ

नदीचं मूळ आणि ऋषीचं कूळ शोधू नये, असं आपल्याकडे म्हणतात. ज्याने हे पहिल्यांदा म्हटलं त्याने सर्व्हर सांभाळला नसणार. आमच्या धंद्यात बाकी काही जमलं नाही तरी निभावतं, पण कूळ आणि मूळ शोधावंच लागतं. आणि तेही बहुधा रात्री पावणेबाराला, दिवा मालवून पांघरूण गळ्यापर्यंत ओढल्यावर.

"सर, झोपला होतात का?"

हा प्रश्न झोपेतून उठवणारी माणसंच विचारतात. "नाही गं, बोल," असं खोटं उत्तरही ठरलेलं आहे. फोनवर आमच्या ऑफिसातली लातूरची मुलगी होती. नोकरीला लागून तिला आठ महिने झालेत. तिची रात्रपाळी होती आणि आवाजात नव्या डॉक्टरचा उत्साह होता.

"सर, लोड नऊवर गेलाय. पण सीपीयू निवांत आहे."

लोड म्हणजे रेशनच्या दुकानापुढे रांगेत किती माणसं उभी आहेत, त्याचा आकडा. मागचं १ मिनिट, मागची ५ मिनिटं आणि मागची १५ मिनिटं, असे तीन आकडे यंत्र दाखवतं. आमच्या सर्व्हरला चार खिडक्या. रांगेत नऊ माणसं, आणि खिडकीवरचे कारकून मात्र पेपर वाचत बसलेले. हे कोडं नव्या माणसाला पडतं. लिनक्स रांग मोजताना गोदामातून पोतं यायची वाट बघणाऱ्यांनाही मोजतो, म्हणजे डिस्ककडे डोळे लावून बसलेल्यांना. तेव्हा गडबड खिडकीवर नव्हती, गोदामात होती.

"कोण आहे रांगेत?"

"एक प्रोसेस आहे, सर. ओळखीची नाही. नाव एस, एच, आय, व्ही. शिव."

"एकच?"

"सहा आहेत." थोडं थांबून म्हणाली, "सर, मारू का?"

आमच्या भाषेतलं हे 'मारू का' मी तीस वर्षं ऐकतोय आणि त्याने एकदा मला चांगलंच गोत्यात आणलं आहे. डेक्कन क्वीनमध्ये बसलो होतो, खंडाळ्याच्या आसपास फोनला कशीबशी रेंज आली आणि मी ओरडून सांगत होतो, "अरे, पोरांना मारून काही होणार नाही, परत नवी काढेल तो! आधी बापाला मार. हो, बापाला! नाही ऐकलं तर नऊ नंबर!" समोरच्या आजोबांच्या हातातलं कटलेट हातातच राहिलं. कर्जतला त्यांनी जागा बदलली. शेजारच्या बाईंनी पर्स मांडीवरून पोटाशी घेतली. त्यांना समजावून सांगावं असं फार वाटलं, पण 'प्रोसेसला मुलं असतात आणि मुलं मारली तर बाप नवी काढतो' या वाक्याने माझी बाजू सावरली असती असं नाही.

खरं तर 'किल' हे नावच चुकलं. बेल लॅब्समध्ये १९६९ साली केन थॉम्सन आणि डेनिस रिची यांनी युनिक्सला हात घातला. त्या मंडळींना टाइप करायचा कंटाळा आणि नावं ठेवायची घाई. 'किल' ही आज्ञा कुणाला मारत नाही. ती निरोप पोचवते, एवढंच. निरोपांना आकडे आहेत. १ म्हणजे 'फोन ठेवला', कारण त्या काळी माणूस टेलिफोनच्या तारेवरून यंत्राशी जोडलेला असे आणि तार तुटली की त्याची कामं आवरावी लागत. १५ म्हणजे 'आता आवर बाबा'. आकडा न सांगता किल म्हटलं तर हाच निरोप जातो. आणि ९. ९ हा निरोप प्रोसेसला मिळतच नाही. तो थेट कर्नलला, म्हणजे यंत्राच्या गाभ्यातल्या कारभाऱ्याला, जातो आणि कर्नल तिला उचलून बाहेर टाकतो. तिच्या हातात अर्धवट लिहिलेली फाईल असो, दाराला लावलेली कडी असो, गॅसवर दूध असो. पंधराला प्रोसेस नाही म्हणू शकते, नवाला म्हणू शकत नाही, म्हणून नव्या पोरांना ९ आवडतो. बाजारात नवा कोयता आला की उसाबरोबर आंब्याची कलमंही जातात.

"मारू नकोस," मी म्हटलं. "आधी चौकशी कर. कुणाचा, कधी आला, कुणी आणला, हातात काय आहे."

"चौकशी कशाला, सर? ओळखीचा नाहीये ना."

ओळखीचा नाही म्हणून मारायचा, तर आमच्या वाड्यात निम्मी बिऱ्हाडं उठवावी लागली असती. लहानपणी पुण्याला मामाच्या वाड्यात राहायचो तेव्हा जिन्याखालच्या खोलीत एक गृहस्थ होते. ते कुणाचे कोण, हे कुणालाच माहीत नव्हतं. मालकांना वाटायचं ते वरच्या मजल्यावरच्यांचे पाहुणे, वरच्यांना वाटायचं मालकांचे आश्रित. त्यांना घालवायचे बेत दर चातुर्मासात व्हायचे. ते गेले आणि दुसऱ्या दिवशी वाड्याला पाणी नाही. पहाटे साडेतीनला उठून खालच्या हौदाचं पाणी वरच्या टाकीत चढवणारे तेच होते, हे तेव्हा कळलं.

मी लॅपटॉप उघडला. पहिली पाहणी 'पीएस'ची. ही आमची जनगणना. पहिला रकाना मालकाचा. तिथे लिहिलं होतं 'रूट'. याने काहीच कळत नाही. रूट म्हणजे घरचा कर्ता. घरात चांगलं झालं ते त्याने केलं, वाईट झालं तेही त्यानेच. दुसरा रकाना प्रत्येकाच्या क्रमांकाचा, तिसरा बापाच्या क्रमांकाचा. आणि बापाच्या जागी सहाही जणांपुढे लिहिलं होतं, १.

एक नंबर हा यंत्र सुरू होताना जन्मलेला पहिला. ज्याचा बाप मेला त्याला दत्तक घ्यायचं, हे त्याचं एक काम. म्हणजे हे सहाही अनाथ. जन्म देणारा जन्म देऊन निघून गेलेला. त्र्यंबकेश्वरला आपल्या आडनावाची पोथी काढून तीर्थोपाध्याय सात पिढ्या म्हणून दाखवतात. आमची 'पीएसट्री' तशीच वंशावळ काढते, पण दत्तकविधान झालं की मागचं सगळं पुसलं जातं. टर्मिनलच्या रकान्यात प्रश्नचिन्ह होतं, म्हणजे कुणी समोर बसून हे चालवत नव्हतं. सुरू झाल्याच्या रकान्यात मात्र मजा होती. सहा जणांच्या सहा तारखा. ओळीने. रोज रात्री एक.

"अगं, हे सहा नाहीत," मी म्हटलं. "हा एकच आहे. रोज येतो आणि परत जात नाही."

"म्हणजे जावई," ती म्हणाली. लातूरची मुलगी हुशार आहे.

पण इथे माझीही झोप पुरती उडाली. रूटच्या नावाने रोज रात्री येणारा, बापाचं नाव न सांगणारा, साळसूद नाव धारण केलेला पाहुणा म्हटलं की आमच्या पिढीला एकच गोष्ट आठवते. १९८६ साली कॅलिफोर्नियात लॉरेन्स बर्कली प्रयोगशाळेत क्लिफर्ड स्टोल नावाचा एक खगोलशास्त्रज्ञ होता. दुर्बिणीचं काम आटपलं म्हणून त्याला संगणकाच्या खोलीत पाठवलं. तिथे हिशेबात ७५ सेंटचा फरक निघाला. कुणीतरी ७५ सेंटचा वेळ वापरून पैसे न देता गेलं होतं. आपल्याकडे एवढ्या फरकाला 'किरकोळ खर्च' म्हणून मोकळे होतात. तो झाला नाही. खोदत गेला, तेव्हा निघाला पश्चिम जर्मनीतून शिरलेला एक माणूस, जो अमेरिकेची लष्करी यंत्रं चाळून माल केजीबीला विकत होता. आत शिरायची त्याची युक्ती पाहण्यासारखी. दर ५ मिनिटांनी यंत्र 'ॲटरन' नावाचा एक घरगडी आपणहून चालवत असे. त्याने त्या जागी त्याच नावाचा आपला माणूस ठेवला. ५ मिनिटांनी यंत्राने त्याला आपला समजून रूटच्या हक्काने चालवलं आणि त्याने दार उघडलं. कोकिळेने कावळीच्या घरट्यात अंडं घालावं तसं. स्टोलने पुढे पुस्तक लिहिलं त्याचं नावही कोकिळेच्या अंड्यावरून आहे.

मला या माणसाचं कौतुक वाटतं ते त्याने चोर पकडला म्हणून नाही, दिसल्या दिसल्या हाकलला नाही म्हणून. महिनोन्‌महिने तो नुसता बघत बसला. चोराने दाबलेली प्रत्येक कळ कागदावर छापून घेतली. चोर फार नाजूक काहीतरी उचलायला लागला की स्टोल आपल्या किल्ल्यांचा जुडगा तारेवर खुळखुळवायचा. पलीकडे वाटायचं, लाइन खराब आहे. वैतागून तो ते सोडून द्यायचा. हाताशी किल होता, वापरली किल्ली. (या कोटीबद्दल वाचकांनी माफ करावं, रात्री बारा वाजता मला तीही थोर वाटली होती.)

आजचे चोर हेर नसतात, बहुतेक फुकट वीज वापरून आभासी नाणी पाडणारे असतात. ते कर्नलच्या स्वतःच्या सेवकांसारखी नावं घेतात, अगदी चौकोनी कंसासकट. पण अस्सल कर्नलसेवकाचा बाप दोन नंबर असतो आणि त्याच्यामागे डिस्कवर कुठली फाईल नसते. तोतयाच्या मागे असते, किंवा असायची, आणि त्याने ती पुसून टाकलेली असते. मग यंत्र त्या वाटेपुढे 'पुसलेली' असं लिहितं. असा कुणी सापडला तर मात्र मारायचीही घाई करू नये. आधी नेटवर्क तोडावं, तो आहे तसा नोंदवून घ्यावा, कारण मेलेला चोर साक्ष देत नाही. आपल्याकडे सर्ट-इन या सरकारी संस्थेने २८ एप्रिल २०२२ च्या आदेशात अशा घटनेची खबर ६ तासांत द्या आणि नोंदी १८० दिवस जपा, असं सांगितलंच आहे.

म्हणून मी 'प्रॉक'मध्ये गेलो. प्रॉक हे यंत्रातलं एक मायावी फोल्डर. डिस्कवर ते कुठेच नाही. तुम्ही डोकावता तेव्हा कर्नल ते तुमच्यापुढे रचतो. आत प्रत्येक जिवंत प्रोसेसच्या क्रमांकाची एकेक खोली. खोलीत तिची जन्मकुंडली. मूळ प्रोग्रॅम कुठला, तर 'बॅश'. म्हणजे नाव काय विचारावं आणि समोरच्याने 'माणूस' म्हणावं. पण कुठल्या आज्ञेने सुरू झाला, तिथे पूर्ण पत्ता होता. त्या पत्त्यावर फाईल होती, पुसलेली नव्हती. तारीख २०१३ ची. तारखेवर माझा विश्वास नाही, फाईलची तारीख कुणालाही हवी तशी करता येते. शाळेच्या दाखल्यावर माझीही जन्मतारीख १ जून आहे, आणि माझ्या वर्गातल्या आणखी अकरा जणांची.

मग 'एलएसओएफ'. हातात काय आहे ते हा सांगतो. सहाही जणांच्या हातात एकेक जुन्या रजिस्टराचं स्कॅन केलेलं पान होतं. वाचत होते सगळे. लिहीत एकाच फाईलमध्ये होते. फाईलचं नाव रोमन अक्षरांत 'वहाणा'. आकार ४० जीबी.

मी शेवटी ती स्क्रिप्टच उघडली. साठ ओळी, नीटनेटक्या. सगळ्यात वर रोमन लिपीत एकच टीप: 'वहाणा दर सहा महिन्यांनी बदलणे.'

आणि मी एकटाच हसायला लागलो. "काय झालं, सर?" तिकडून घाबरलेला आवाज. "अगं, हा शिव नाही," मी म्हटलं. "ही शीव आहे. गावाची शीव."

हे काम अण्णांचं. अण्णा माझ्या आधी हा सर्व्हर सांभाळायचे. सहा वर्षांपूर्वी निवृत्त होऊन शिरोड्याजवळ आपल्या घरी जाऊन राहिले. मीही त्याच वेंगुर्ला तालुक्यातला, म्हणून मला ते कळलं. लातूरच्या मुलीला कळायचं काही कारण नव्हतं. जयवंत दळवींचं गाव म्हणून वाचकांना ठाऊक असलेल्या आरवलीला वेतोबा आहे. रात्री गाव झोपलं की तो शिवेवरून फेरी मारतो, अशी आमच्याकडची श्रद्धा. चालून चालून त्याच्या वहाणा झिजतात. म्हणून नवस फेडायला लोक त्याला चामड्याच्या मोठ्या वहाणा वाहतात आणि केळ्यांचे घड. देवळात गेलात तर दिसतील. गोव्यात आणि तळकोकणात गावोगाव असा कुणी ना कुणी राखणदार असतोच. तो दिसत नाही, त्याला कुणी पगार देत नाही, आणि तो नाही असं समजून कुणी रात्री शीव ओलांडत नाही.

पाठीमागे राहून काम करणाऱ्या प्रोसेसला युनिक्सवाले 'डीमन' म्हणतात. पहिल्यांदा ऐकणाऱ्याला वाटतं, भूत. शब्द १९६३ च्या सुमारास एमआयटीत फर्नांडो कॉर्बातो यांच्या मंडळींनी उचलला, मॅक्सवेलने १८६७ साली कल्पिलेल्या त्या चिमुकल्या द्वारपालावरून, जो दारात बसून वेगवान कण एकीकडे आणि संथ कण दुसरीकडे सोडतो. त्याच्याही मागे जुना ग्रीक अर्थ आहे: ना देव ना दानव, माणसाच्या आसपास वावरणारी शक्ती. आमच्या मराठी पुस्तकांना यासाठी प्रतिशब्द सापडत नाही. अण्णांना २०१३ सालीच सापडला होता. रोज रात्री दीड वाजता ही शीव उठायची, सर्व्हरवरच्या एकेका फाईलपाशी जायची, तिची खूणगाठ काढून कालच्या खुणेशी ताडून बघायची. कुठे काही बदललं असेल तर वहाणांत नोंद. अशी तयार अवजारं मिळतात; 'ट्रिपवायर' १९९२ पासून आहे. पण विकतचा राखणदार अण्णांना पटला नसावा.

आता सगळं जुळलं. मागच्या सोमवारी आम्ही जुन्या रजिस्टरांच्या स्कॅनचा मोठा संग्रह नेटवर्कवरून या सर्व्हरला जोडला होता. आधी जी फेरी वीस मिनिटांत व्हायची ती आता चोवीस तासांतही होईना. गावाची हद्द वाढवली आणि राखणदाराला सांगितलंच नाही. पहिला अजून अर्ध्या वाटेवर, तोवर दुसऱ्या रात्री क्रॉनने, म्हणजे ठरल्या वेळी कामं सुरू करणाऱ्या घरगड्याने, दुसरा उठवला. त्याच पाणंदीतून सहा वेतोबा एकमेकांना धक्के मारत चालले होते. वहाणाही सहा वर्षांत कुणी बदललेल्या नव्हत्या. अण्णांचा निरोपसमारंभ झाला, शाल झाली, श्रीफळ झालं. त्यांच्या टेबलाच्या किल्ल्या घेतल्या, पासवर्ड बंद केला. त्यांनी रात्रीचं काय लावून ठेवलंय, हे कुणी विचारलं नाही. मीही नाही.

"मग आता मारायचं?" आपला मूळ प्रश्न पोरीने सोडला नव्हता.

"आधी उद्या येणाऱ्याला थांबव." क्रॉनच्या यादीतल्या त्या ओळीपुढे तिने खूण करून ती झोपवली. नाहीतर इथे सहा घालवायचे आणि दीड वाजता सातवा हजर. डेक्कन क्वीनमधल्या आजोबांसमोर मी बापाचं म्हणत होतो ते हेच. मग सहाही जणांना 'स्टॉप'. हा निरोप मला फार आवडतो. मुलं खेळताना ओरडतात ना, "स्टॅच्यू!", तसा. आहेस तिथे थिज. मरण नाही, फक्त थांबणं. नंतर 'कंटिन्यू' म्हटलं की उचललेलं पाऊल पुढे टाकतो. पाच मिनिटं तसं ठेवून बाकीचं गाव कसं चाललंय ते बघितलं. लोड उतरला. कुणी बोंब मारली नाही. मग पुन्हा हलवून, सगळ्यात जुन्या शिवेला पंधरा.

काही झालं नाही.

दहा सेकंद. वीस. "सर, ऐकत नाहीये. नऊ मारू?"

"थांब. तो पाण्यात बुडी मारून आहे." डिस्ककडून किंवा नेटवर्कवरच्या गोदामाकडून काही यायची वाट बघणारी प्रोसेस अशा झोपेत असते की हाक तिच्या कानापर्यंत पोचत नाही. वर येईल तेव्हा ऐकेल. शिवाय अण्णांनी तिला शिकवून ठेवलं होतं की पंधरा आलं तरी हातातलं पान पुरं कर, मग जा. पंधरा आणि नऊ यांच्यामधला हा वेळ कुठल्याच पुस्तकात मोजून दिलेला नाही. मी त्यात पाणी पिऊन आलो. सव्वा मिनिटाने पहिली शीव गेली. वहाणांच्या तळाशी तिने जाता जाता एक ओळ लिहिली होती: 'थांबवलं. इथपर्यंत फिरलो.' आणि पुढे त्या शेवटच्या पानाचा पत्ता. पोरीने ती ओळ मला मोठ्याने वाचून दाखवली, आणि मग बराच वेळ आम्ही दोघं फोनवर गप्प होतो. बाकीच्या पाच जणांच्या वेळी तिने नवाचं नाव काढलं नाही.

सकाळी अण्णांना फोन लावला.

"मेल्या, मारलंस तेका?" त्यांनी पहिलं हेच विचारलं.

"नाय अण्णा. पंधरा धाडलंय."

"मगे? आयकल्यान?"

"वायच वेळ लागलो. पण आयकल्यान."

नव्या संग्रहाची फेरी आता फक्त रविवारी करायची, एक बाहेर असेपर्यंत दुसऱ्याने उठायचं नाही म्हणून कुलूप लावायचं, आणि हळू चालायचं, असं आम्ही दोघांनी फोनवरच ठरवलं. अण्णांना स्क्रिप्टच्या ओळी अजून पाठ आहेत.

"आणि वहाणो बदललंस?"

"बदललंय."

"केळ्यांचो घड?"

हे मी पोरीला गंमत म्हणून सांगितलं. संध्याकाळी ती मंडईतून डझनभर केळी घेऊन आली. सर्व्हर रूमच्या दारावर 'आत खाद्यपदार्थ नेऊ नयेत' अशी पाटी आहे, आणि ती मीच लावलेली आहे. तेव्हा केळी दाराबाहेर स्टुलावर ठेवली. सकाळी बघितलं तर सालं कचऱ्याच्या डब्यात होती आणि रात्रीचा वॉचमन आपली चप्पल पायरीवर ठेवून तिचा तुटलेला अंगठा दोऱ्याने शिवत बसला होता.